सिस्टरला निलंबित केलं. पण रुग्ण सुरक्षित झाला का?

चुकीचं इंजेक्शन दिलं गेलं आणि रुग्ण दगावला, अशी बातमी आली की पुढचं सगळं ठरल्यासारखं घडतं. संध्याकाळपर्यंत ड्यूटीवरची सिस्टर निलंबित होते, चौकशी समिती नेमली जाते आणि लोक दोन बाजूंना वाटले जातात. एक बाजू म्हणते, माणसाच्या जिवाशी खेळणाऱ्यांना तुरुंगात टाका. दुसरी म्हणते, या तर देवदूत, रात्रंदिवस राबतात, यांच्याकडे बोट कसलं दाखवता? आठवडाभर हे चालतं, मग दुसरी बातमी येते. मी वॉर्डात पंधरा-सोळा वर्षं काढली आहेत, त्यामुळे माझं मन कुठल्या बाजूला ओढ घेतं हे सांगायला नको. तरीही मला वाटतं की दोन्ही बाजू एकाच चुकीच्या प्रश्नावरून भांडताहेत: सिस्टर चांगली की वाईट? माझा प्रश्न वेगळा आहे. उद्या त्याच वॉर्डात, त्याच ट्रॉलीपाशी दुसरी सिस्टर उभी राहिली, तर तीच चूक पुन्हा होईल का? होणार असेल, तर पहिलीला घरी बसवून आपण रुग्णासाठी काहीही केलेलं नाही. प्रामाणिक चुकीला शिक्षा देण्याची सवय रुग्णालयाला अधिक धोकादायक करते, असं माझं म्हणणं आहे. आणि परिचारिकेला देवदूत म्हणण्याची सवयही तेच करते.

शिक्षेची मागणी करणाऱ्यांची बाजू कमकुवत करून मांडण्यात अर्थ नाही, म्हणून त्यांचं सगळ्यात भक्कम उदाहरणच घेते. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात ७५ वर्षांच्या एका बाईंना स्कॅनसाठी नेलं होतं. बंद यंत्रात भीती वाटू नये म्हणून मिडॅझोलॅम द्यायचं होतं. त्याचं बाजारातलं नाव व्हर्सेड. नर्सने औषधांच्या संगणकीय कपाटात ‘व्ही-ई’ ही दोन अक्षरं टाइप केली. कपाट औषधं मूळ नावाने शोधत होतं, त्यामुळे व्हर्सेड सापडलं नाही. तिने तपासणी टाळून औषध काढायची सोय वापरली आणि तिच्या हाती आलं व्हेक्युरोनियम. हे औषध स्नायू लुळे पाडतं; व्हेंटिलेटरवर नसलेल्या माणसाचा श्वास थांबतो आणि तो शुद्धीत असतानाच थांबतो. व्हर्सेड द्रवरूपात मिळतं, हे पावडरीत होतं आणि पाणी घालून तयार करावं लागलं. बाटलीच्या टोपणावर धोक्याची सूचना छापलेली होती. इंजेक्शन दिल्यावर रुग्णाजवळ लक्ष ठेवायला कुणी थांबलं नाही. मार्च २०२२ मध्ये ज्युरीने तिला दोषी ठरवलं, मे महिन्यात न्यायाधीशांनी ३ वर्षांची परिवीक्षा (प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेख) सुनावली. परवाना तर आधीच गेला होता.

हे वाचून कुणी म्हणालं, ‘इतक्या पायऱ्यांवर एकदाही थांबली नाही, याला निष्काळजीपणा नाही तर काय म्हणायचं?’ तर मी वाद घालणार नाही. चूक झाली हे तिने स्वतःही नाकारलं नाही. चूक लक्षात येताच तिने त्याच दिवशी कबूल केली. पण या खटल्यात मला खटकतं ते दुसरंच. प्राणघातक औषध दोन अक्षरांवर बाहेर येतं, असं कपाट कुणी मांडलं? तपासणी टाळायची ती सोय रोजच्या कामाचा भाग झाली होती का? आणि त्या रुग्णालयाने ही घटना आपणहून सरकारी यंत्रणांना का कळवली नाही? त्यांना ती कळली पुढच्या वर्षी, तीही निनावी तक्रारीतून. न्यायालयात उभी होती ती मात्र एकटी नर्स. ‘किमान पाच अक्षरं टाइप केल्याशिवाय कपाटाने औषधाचं नाव दाखवू नये’ ही शिफारस अमेरिकेतल्या औषध-सुरक्षा तज्ज्ञांनी या घटनेनंतर लावून धरली. पाच अक्षरं! शिक्षेने जे साधलं नसतं ते इतक्या क्षुल्लक बदलाने साधतं, आणि वादात त्याचा उल्लेखही नसतो, कारण पाच अक्षरांवर कुणाला राग काढता येत नाही.

मला दुसऱ्या महायुद्धातली एक गोष्ट या संदर्भात नेहमी आठवते. अमेरिकेची बी-१७ ही बॉम्बफेकी विमानं लढाईतून सुखरूप परत येत आणि धावपट्टीवर उतरल्यानंतर पोटावर आपटत. वैमानिक पंखांचे फ्लॅप (मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) आत घ्यायच्या ऐवजी चाकंच आत घेत होते. कारण काय दिलं जाई? वैमानिकाची चूक. अल्फॉन्स शापानिस नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञाला हे तपासायला सांगितलं, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की दोन्ही गोष्टींचे खटके शेजारी-शेजारी आणि दिसायला सारखे आहेत. आणि ज्या मालवाहू विमानांत ते तसे नाहीत त्यांचे वैमानिक ही चूक करतच नाहीत. मग तेवढेच वैमानिक बेजबाबदार कसे? त्याने चाकांच्या खटक्यावर रबराचं छोटं चाक बसवलं आणि फ्लॅपच्या खटक्यावर पाचरीसारखा तुकडा. अंधारात हाताला कळू लागलं. वैमानिक तेच, त्यांचा थकवाही तोच होता. आजही विमानात चाकांचा खटका चाकासारखाच असतो.

आता आपल्या औषधाच्या ट्रॉलीकडे पाहा. पोटॅशियम क्लोराइडचं दाट द्रावण आणि डिस्टिल्ड वॉटर, दोन्ही पारदर्शक, दोन्हींच्या अँप्युल्स (इंजेक्शनच्या छोट्या कुप्या) कित्येकदा एकाच आकाराच्या, अक्षर बारीक. एक पाणी आहे. दुसरं न पातळ करता शिरेत ढकललं तर हृदय थांबवतं. हे द्रावण वॉर्डातल्या साठ्यातून उचलून फार्मसीतच ठेवा, असा इशारा अमेरिकेतल्या रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या संस्थेने १९९८ मध्ये दिला. दाखला द्यायचा तर याहून बोलका व्हिन्क्रिस्टिनचा आहे. कॅन्सरचं हे औषध शिरेतून द्यायचं असतं. चुकून पाठीच्या कण्यात गेलं तर रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. ज्या दिवशी शिरेतलं औषध त्याच दिवशी कण्यात द्यायचं दुसरंही, आणि दोन्ही सिरिंजमध्ये भरून आलेली. ही चूक अनेक देशांत, दशकानुदशकं, पुन्हा पुन्हा होत राहिली. इंग्लंडमध्ये २००१ मध्ये १८ वर्षांचा एक तरुण असा गेला आणि डॉक्टरला तुरुंगवास झाला. त्या शिक्षेने जगातल्या इतर डॉक्टरांची, नर्सेसची नजर अधिक तीक्ष्ण झाली का? नाही. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेला या चुकीवर इशारा काढावा लागला. उपाय इतका साधा होता की लाज वाटावी: व्हिन्क्रिस्टिन सिरिंजमध्ये पाठवूच नका, छोट्या सलाइनच्या पिशवीत पाठवा. पिशवी कण्याच्या सुईला कुणी जोडायला जात नाही.

इथे पहिला खरा आक्षेप येतो आणि तो हलका नाही. ‘व्यवस्था जबाबदार’ म्हणणं म्हणजे कुणीच जबाबदार नाही म्हणणं. ज्याचा माणूस गेला त्याने काय अँप्युलच्या आकाराला जाब विचारायचा? मला हा राग समजतो. ‘सिस्टम फेल्युअर’ हा शब्द मोठ्या पदांवरच्या लोकांनी आडोशासारखा वापरलेला मीही पाहिला आहे. गंमत म्हणजे मेमो निघायचा असतो तेव्हा मात्र तो नेमका सिस्टरच्या नावानेच निघतो. म्हणून मी जबाबदारी काढून टाका म्हणत नाही, ती नीट वाटा म्हणते. हात चुकणं वेगळं. सगळेच जो आडमार्ग घेतात तो घेणं वेगळं. आणि धोका डोळ्यांसमोर असताना पर्वा न करणं आणखी वेगळं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांच्या लिखाणात एक कसोटी येते: त्या जागी तितकंच शिकलेली, तितकीच अनुभवी दुसरी व्यक्ती ठेवा. तीही तसंच वागली असती, तर दोष त्या व्यक्तीत शोधू नका. वागली नसती, तर मात्र शोधा. दारू पिऊन ड्यूटीवर आलेल्याला, मॉर्फिन चोरणाऱ्याला, चूक झाल्यावर चार्ट बदलणाऱ्याला ही कसोटी वाचवत नाही. वाचवूही नये.

मधल्या प्रकाराबद्दल, म्हणजे सगळेच घेतात त्या आडमार्गाबद्दल, थोडं थांबून बोलायला हवं, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे आणि वॉर्डाबाहेरच्यांना तो दिसत नाही. कुठल्याही वॉर्डातला टीपीआर (तापमान-नाडी-श्वास) चार्ट काढून बघा. तापमान बदलेल, नाडी बदलेल, पण श्वासाचा आकडा सगळ्या पेशंटचा २०. तीस खाटा आणि सगळे एका लयीत श्वास घेताहेत! श्वास मोजायला कुठलंही यंत्र लागत नाही, घड्याळ लागतं आणि अख्खा एक मिनिट लागतो. तीस पेशंटना तीस मिनिटं. आणि शांतपणे उभं राहायला हा अर्धा तास नाइटच्या एकट्या सिस्टरकडे कुठून येणार? म्हणून २० लिहिलं जातं. हे खोटं आहे का? आहे. पेशंट खालावतोय याची पहिली खूण पुष्कळदा श्वासाचा वेग वाढणं हीच असते, आणि ती खूण आपण रोज पुसून टाकतो. आता शिक्षावाले म्हणतील, बघा, खोटं लिहितात. देवदूतवाले म्हणतील, बिचाऱ्या काय करतील? मी म्हणते, एखादीला यासाठी मेमो दिला तर ती उद्यापासून १८, २०, २२ असे आकडे फिरवून लिहील. चार्ट खरा वाटेल, असणार नाही. आणि दया दाखवून सोडून दिलं तरी पेशंटचा श्वास मोजला जाणार नाहीच. मोजला जाईल तो त्या मिनिटासाठी जागा केली तर: ज्यांना गरज आहे अशा आठ पेशंटचाच दर चार तासांनी मोजा, पण खरा मोजा, असं वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरने ठरवलं तर. आणि एवढं करूनही कुणी खोटाच आकडा टाकला, तर तिला जाब विचारण्याचा हक्क आपण कमावलेला असेल.

दुसरा आक्षेप: भीती नसेल तर माणूस काळजी घेत नाही. ऐकायला पटतं. पण भीती नक्की काय करते ते मी स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकते. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, नाइटला, अँटिबायोटिकची पावडर विरघळवायला म्हणून मी ट्रेमधून एक अँप्युल उचलली, तोडली, सिरिंजमध्ये ओढली आणि फेकता फेकता सहज नाव वाचलं. पोटॅशियम. डिस्टिल्ड वॉटरच्या कप्प्यात ती कुणीतरी ठेवलेली होती. हात कापत होते. मी ती सिरिंज फेकली, नवी अँप्युल घेतली, इंजेक्शन दिलं आणि सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीला वॉर्ड सोपवताना, एक शब्दही बोलले नाही. बोलले असते तर ‘नीट बघून घेता येत नाही का?’ हे ऐकावं लागलं असतं, कदाचित लेखी. चार-पाच महिन्यांनी माझ्याच बॅचच्या एका मैत्रिणीच्या हातून तेच घडलं. तिने वाचलं नाही. पहिले थेंब गेल्याबरोबर पेशंट हात जळतोय म्हणून ओरडला, तिने सुई काढली, पेशंट वाचला. तिला मेमो मिळाला, बदली झाली. ट्रे होता तिथेच राहिला. त्या चुकीत माझा वाटा किती, हे मला कुणी विचारलं नाही. कारण माझी चूक घडलीच नव्हती, निदान कागदावर तरी.

माझा एकटीचा अनुभव पुरावा होत नाही, हे मान्य. पण एमी एडमंडसन या संशोधिकेने १९९६ साली प्रसिद्ध केलेलं निरीक्षण याच दिशेचं आहे. चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी होत असतील, असं गृहीत धरून ती रुग्णालयांत गेली. आकडे उलटे निघाले: जिथे इन्चार्ज समंजस, माणसं एकमेकांशी मोकळी, त्या वॉर्डांत नोंदलेल्या चुका जास्त. तिथे चुका जास्त होत नव्हत्या, सांगितल्या जात होत्या. म्हणजे ‘आमच्याकडे वर्षभरात एकही चूक झाली नाही’ असं अभिमानाने सांगणाऱ्या रुग्णालयात आपल्या माणसाला ठेवायचं की नाही, याचा दोनदा विचार करावा. विमानवाहतुकीने हे लवकर ओळखलं. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिक आपली अनवधानाने झालेली चूक ठरावीक मुदतीत स्वतःहून कळवतो तेव्हा त्याला दंडातून सूट मिळते, आणि ती माहिती बाकी सगळ्यांच्या कामी येते. वैमानिक तर स्वतःही त्याच विमानात बसलेला असतो. जिवाची भीती असूनही त्याच्या चुका होतात. मग मेमोच्या भीतीने सिस्टरच्या कशा थांबतील?

आता माझ्या स्वतःच्या बाजूकडे वळते. ‘नर्सेसची भरती करा, बाकी सगळं आपोआप सुधारेल’ हा आमचा आवडता युक्तिवाद, आणि त्यात तथ्य पुष्कळ आहे. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा अभ्यास मांडला: दर नर्समागे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. २०१४ मध्ये युरोपातल्या ९ देशांच्या अभ्यासातही तोच ७ टक्क्यांचा आकडा आला. पाळी साडेबारा तासांपलीकडे गेली की चुकीची शक्यता तिपटीच्या घरात जाते, हेही २००४ मध्ये दिसून आलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात औषधं देताना नर्सला एकदा मध्ये थांबवलं, तर त्या औषधात चूक होण्याची शक्यता सुमारे १२ टक्क्यांनी वाढलेली आढळली. (मला औषधाच्या राउंडमध्ये पेशंटच्या नातेवाइकांइतकंच डॉक्टरांनीही थांबवलं आहे, हे इथे नोंदवून ठेवते.) हे सगळं मान्य. पण जास्त हात, जास्त प्रेम, जास्त कष्ट एवढ्याने रुग्ण वाचतो का?

याचं उत्तर आमच्या व्यवसायाच्या मूळपुरुषाने, किंवा मूळस्त्रीने म्हणू या, स्वतः शोधलं होतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ परिचारिका घेऊन, क्रिमियन युद्धाच्या काळात, तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या ब्रिटिश लष्करी रुग्णालयात पोचल्या. रात्री दिवा घेऊन फिरणारी ती मूर्ती सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी स्वयंपाक सुधारला, कपडे-पट्ट्या मिळवल्या, शिस्त आणली. आणि तरी त्या हिवाळ्यात सैनिक मरतच राहिले; फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूचं प्रमाण सगळ्यात वर गेलं. मार्चमध्ये ब्रिटिश सरकारने पाठवलेला सॅनिटरी कमिशन आला. इमारतीखाली तुंबलेली गटारं उपसली, पाण्याची वाट साफ केली, हवा खेळती केली आणि मृत्यू झपाट्याने उतरले. युद्धानंतर विल्यम फार या सांख्यिकीतज्ज्ञाबरोबर आकडे मांडताना हे नाइटिंगेल यांच्या पुढे स्वच्छ उभं राहिलं: आपण जिवापाड सेवा करत होतो आणि गटार खाली माणसं मारत होतं. दुसरी कुणी असती तर दिव्याच्या कीर्तीवर उरलेलं आयुष्य काढलं असतं. त्यांनी ते आकडे रंगीत आकृत्यांत मांडले आणि सरकारच्या मागे लागल्या. आमच्या प्रत्येक कॉलेजच्या भिंतीवर दिवा असतो. आकृती मी एकाही भिंतीवर पाहिलेली नाही.

देवदूत म्हणण्यातला धोका इथेच आहे. देवदूताची चूक होत नसते, म्हणून चूक झाली की एका रात्रीत तो राक्षस होतो. देवदूताला भूक, झोप लागत नाही, म्हणून त्याला सलग दुसरी ड्यूटी लावता येते. आणि देवदूत सर्जनला ‘थांबा’ म्हणत नाही. हे शेवटचं सगळ्यात महागात पडतं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिशिगनमधल्या प्रयोगात १०३ अतिदक्षता विभागांची माहिती होती. मोठ्या शिरेत नळी घालताना हात धुणं, पूर्ण आच्छादन, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने त्वचा पुसणं, जांघेतली जागा टाळणं, गरज संपताच नळी काढणं, अशा पाच गोष्टी. नवीन एकही नाही, प्रत्येक डॉक्टरला पाठ. नवीन होतं ते हे की यातली एखादी गाळली गेली तर नर्सने डॉक्टरला थांबवायचं आणि वरिष्ठांनी नर्सच्या पाठीशी उभं राहायचं. नळीमुळे होणाऱ्या रक्तातल्या संसर्गाचं मध्यक प्रमाण नळीच्या दर १,००० दिवसांमागे २.७ होतं, ते शून्यावर आलं. ज्या वॉर्डात सिस्टरने डॉक्टरला हात धुवायची आठवण करणं म्हणजे उद्धटपणा समजतात, तिथे कितीही फुलं वाहिलीत आणि कितीही निलंबनं केलीत तरी हा आकडा हलणार नाही.

राहिले नातेवाईक. त्यांना शिक्षा हवी असते असं आपण धरून चालतो. मी ज्यांच्यासमोर उभी राहिले आहे त्यांनी बहुतेक वेळा आधी दोनच गोष्टी विचारल्या: नेमकं काय झालं, आणि हे दुसऱ्या कुणाच्या बाबतीत होणार नाही ना? डेन्मार्कमध्ये २००४ पासून कायदाच लागू झाला की आरोग्य कर्मचाऱ्याने घडलेली चूक कळवायलाच हवी, आणि कळवली म्हणून त्याच्यावर कारवाई होणार नाही. नुकसानभरपाईची वाट तिथे वेगळी आहे. दोषी कोण हे सिद्ध होईपर्यंत घरच्यांना ताटकळावं लागत नाही. आपली रुग्णालयं मात्र पहिल्या प्रश्नावर वकिलाकडे पाहतात आणि दुसऱ्याचं उत्तर म्हणून निलंबनाचा कागद पुढे करतात. त्याऐवजी तीन महिन्यांनी त्याच घरच्यांना वॉर्डात बोलवावं. ट्रॉलीचा तो कप्पा उघडून दाखवावा. पूर्वी इथे दोन अँप्युल्स शेजारी होत्या, आता एक इथे आहे आणि दुसरी खाली, फार्मसीत, कुलपात. हे त्यांना सांगायला मेट्रन नको, अधीक्षकही नको. जिच्या हातून ते घडलं ती सिस्टर, तिची तयारी असेल तर, तीच उभी असावी.